चकण्याचं हॉटेल

आमच्या मागच्या गल्लीत बार निघाला आहे, ही बातमी मला आईने दिली ती थेट पत्रक लिहायला सांगतानाच.

"कागद घे," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराला मोर्चा न्यायचं ठरलंय. मजकूर कडक पायजे. अन् उद्गारचिन्हं कमी टाक. मागच्या बारीला प्रेसवाला म्हणला, बाई, एवढ्या काठ्या काहून रोवल्या?"

मी तेव्हा नांदेडला शिकत होते आणि शनिवार-रविवार कळमनुरीला घरी यायचे. आई दारूबंदीचं काम करणाऱ्या बायकांच्या मंडळात आहे. पद कसलंच नाही, पण तिच्याशिवाय मोर्चा निघत नाही. वडील होते तोवर सायकलला पत्रकांचा गठ्ठा बांधून वारंगा फाट्यापर्यंत जायचे. उरलेली पत्रकं घरात कामाला यायची. वह्यांना त्यांचीच कव्हरं, फळ्यांवर तीच अंथरलेली. मी वाचायला शिकले ती स्वयंपाकघरातल्या फळीवर. डब्यांच्या खालून अर्धी वाक्यं दिसायची. 'अंधश्रद्धेला' पिठाच्या डब्याखाली आणि 'मूठमाती द्या' तिखटाच्या डब्याशेजारी. त्यामुळे कुठलंही अर्धं वाक्य दिसलं की डबा उचलून बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

वडिलांचा एक नियम होता, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापायचं नाही. म्हणून मी आईला विचारलं, "तू पाहिलंस?"

"मी? मी बारमधी जाऊ?"

"मग कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. बाहेरून."

बाहेरून पाहिलेलं असं होतं: दुबईहून परत आलेला एक माणूस, त्याची बायको आणि त्याची आई असे तिघं मिळून राहत्या घराच्या पुढच्या खोलीत हॉटेल चालवतात. पण तिथे ताट नाही. भाकरी नाही, वरण नाही, भात नाही. नुसत्या लहान लहान बश्या. मूठभर हरभरे, चार फोडी बटाट्याच्या, त्यात काड्या टोचलेल्या.

"एवढंएवढं खायला कशासोबत देतात," आई म्हणाली, "हे आमच्या मंडळातल्या बायकांना सांगायची गरज न्हाई. चकणा हाय तो. अन् भिंतीच्या मागं बाटल्या पडलेल्या. अन् वर पाटी लावली हाय."

"कसली पाटी?"

"'येथे दारू पिण्यास सक्त मनाई आहे.'"

"मग ते चांगलंच आहे की."

आईने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जिथं कोणी पीतच न्हाई, तिथं अशी पाटी लावतात का? शाळेत लावली हाय का? पिठाच्या गिरणीत लावली हाय का?"

मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच तिकडे गेले.

गल्ली ओलांडताना मला राग येत होता आणि तो हॉटेलवाल्यावर नव्हता. बसस्टँडपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत दहा माणसं मी कुठे वळते ते पाहत होती. त्यांच्यातले निम्मे स्वतः पिणारे. त्यांनी आत जाणं म्हणजे संध्याकाळ, मी जाणं म्हणजे बातमी. मी मुद्दाम सावकाश चालले.

आत चार टेबलं, एक काउंटर आणि मागे उघडं स्वयंपाकघर होतं. जमिनीवर विळी घेऊन म्हातारी वांग्याचे काप करत बसली होती. काउंटरवर सून. भिंतीवर खडूने लिहिलं होतं: पालक-हरभरा, बटाटा-अंडा, वांगं-काकवी, पाव-टमाटा, आणि कोपऱ्यात 'मटन गोळे फक्त बाजारच्या दिवशी'.

"काय देऊ ताई?" सुनेने विचारलं.

"आधी सांगा, हे काय आहे?"

"लिवलंय की."

"ते वाचलं. पण हे कुठलं खाणं?"

"स्पेनचं," ती म्हणाली, आणि पुसलेलंच काउंटर पुन्हा पुसू लागली. हे वाक्य बोलून झाल्यावर लोक हसतात, याची तिला सवय झाली असावी.

मी हसले नाही. मी पालक-हरभरा आणि वांगं मागितलं. सून म्हणाली, सोबत ताक येतं. ताकाचा ग्लास आला तो बशीने झाकलेला, आणि बशीत पालक-हरभरा. म्हणजे आधी बशी उचलल्याशिवाय पिता येत नाही.

"हे वर काहून ठेवलं?" मी विचारलं.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "तिकडं असंच देतात."

"दुबईत?"

"न्हाई, स्पेनमधी." खांद्यावर पंचा टाकून तो बाहेर आला. सडपातळ माणूस, हातावर तेलाचे जुने चटके. "दुबईत स्पेनवाल्याचं हाटेल व्हतं. तिथं मी कांदे सोलायला लागलो अन् सरकत सरकत शेगडीपाशी गेलो."

"म्हणजे तुम्ही स्पेन पाहिलेलं नाही?"

"त्यानं दुबई बी पाहिली न्हाई," म्हातारी विळीवरून म्हणाली. "रसोडा पाहिला."

तो हसला. मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. त्या हॉटेलचा मुख्य आचारी स्पेनचा म्हातारा होता. त्याच्या गावी म्हणे संध्याकाळी लोक जेवायला बसत नाहीत. एका दुकानात उभ्या उभ्या घोटभर प्यायचं, बशीभर खायचं, गप्पा हाणायच्या आणि पुढच्या दुकानात जायचं. त्या बश्यांना तापास म्हणतात. बशी ग्लासावर का, याला तो म्हातारा कधी माशांमुळे म्हणायचा, कधी धुळीमुळे. खरं कोणालाच माहीत नव्हतं.

"माश्या तर आपल्याकडं बी कमी न्हाईत," सून म्हणाली.

"तिकडे ग्लासात दारू असते ना?" मी सरळच विचारलं.

"असती. मी ताक देतो. ताक चालत न्हाई, असं काही बुढा बोलला नव्हता."

मी खाल्लं. पालक आणि हरभरा आपल्या घरातही भेटतात, पण इथे त्यांची ओळख कोणी वेगळीच करून दिली होती. जिरं, भरपूर लसूण, थोडा आंबटपणा, आणि रस घट्ट करायला तळून कुटलेला पाव. वांग्याचे काप करडीच्या तेलात कुरकुरीत तळलेले आणि वरून काकवीची धार. तिथे जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल असतं, तो म्हणाला, इथे ते परवडत नाही. मग हे खाणं कुठलं म्हणायचं? वांगं इथलं, तेल इथलं, काकवी वसमतकडची. शिकवणारा स्पेनचा, शिकण्याची जागा दुबई, आणि शिकणारा साखऱ्याकडच्या शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या घरातला. मला एकाएकी फार प्रश्न पडले. वांग्यावर गोड घालायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं असेल? ज्या बाईला सुचलं तिच्या सासूने काय म्हटलं असेल?

बटाट्याचं जाड आम्लेट तो ताट उपडं घालून उलटत होता, तेवढ्यात म्हातारीने माझ्या बशीत आणखी दोन काप टाकले.

"माय, बशी लहानच ठेवायची असती," तो आतून म्हणाला. त्याला न बघता कळलं होतं.

"लहान बशी पाहून मला लाज येती. घरी आलेल्या माणसाला का कोणी असं वाढतं?"

"हे घर न्हाई, हाटेल हाय."

"मग मी घरात बसून का काम करून राहिले?" म्हातारी म्हणाली आणि तिसरा काप टाकला.

ऊन उतरलं तसे दोघं जण आत आले. एकाच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती तो फार जपून धरत होता.

"शेठ, दो गिलास खाली देना."

"गिलास ताकासोबत भेटतो," सून म्हणाली.

"ताक नको. खाली गिलास."

"खाली गिलास न्हाई. पाटी वाचा."

"वाचली म्हणून तर आलो!" दुसरा म्हणाला. "वैनी, चकणा मांडून बसलात अन् गिलास देईनात. हे कसं झालं? मांडव घातला, वाजंत्री लावली, अन् नवरी म्हणे माहेरीच हाय!"

"नवरी न्हाईच ह्या लग्नात," आचारी आतून ओरडला.

"मग दुबईला काय शिकला रे, वाजंत्री?"

दोघं खो खो हसले, आचारीही हसला. पण ग्लास दिला नाही. ते दोघं बाहेर पडले, भिंतीला वळसा घालून बाजूच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गेले, आणि थोड्या वेळाने काउंटरच्या बाजूच्या खिडकीत एक हात आला. "दोन बटाटा, एक हरभरा. पार्सल."

सुनेने मुकाट्याने बांधून दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुमी बी पाहिलं. बाटली आमची न्हाई. पण बशी त्यांच्याकडं जाती, हे खरं हाय. घरची माणसं लेकराबाळाला घेऊन येतील म्हणून ही टेबलं मांडली. बाया तर दारापुढून तोंड फिरवून जातात. खिडकी हाय म्हणून चाललंय. हे बसलं न्हाई तर ह्यांना पुन्हा तिकडं जावं लागतं. मागच्या खेपेला गेले तवा पोरगी पाळण्यात व्हती. परत आले तर ती ह्यांना काका म्हणली."

मी पर्समधला कागद काढून टेबलावर ठेवला. लपवण्यात अर्थ नव्हता. "मी पत्रक लिहायला आलेय. तुमच्याविरुद्ध. पुढच्या बाजाराला मोर्चा आहे."

म्हातारीने विळीवरून मान वर करून विचारलं, "कोणाची पोरगी तू?"

मी सांगितलं.

"सायकलवाल्याची? मग खा ते. उपाशी काहून लिहिती?"

घरी आल्यावर आईचा पहिला प्रश्न होता, "तू तिथलं खाल्लंस?"

"पैसे देऊन खाल्लं. दारू नाही तिथे. ताक आहे."

"अन् बाटल्या?"

"बाटल्या प्लॉटमध्ये आहेत. प्लॉट कोणाचा आहे, तुला माहीत आहे. त्याच्या दारात आपण कधी गेलो?"

प्लॉट गावातल्या एका पुढाऱ्याचा होता आणि आमचं मंडळ, इतक्या वर्षांत, टपरीवर गेलं होतं, दुकानावर गेलं होतं, एकदा ठाण्यावर गेलं होतं, पण बंगल्यावर नाही. मला बोलायला चेव आला. मी म्हणाले, दुबळा माणूस सापडला की आपल्या घोषणांना धार येते. म्हणाले, जे पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही वाटायचं नाही. आई भाकरी थापत होती, थापतच राहिली. शेवटची भाकरी तव्यावरून काढून झाल्यावर म्हणाली, "बराबर हाय. आधी पाहू. बाजारच्या दिवशी सगळ्याच जणी जाऊ. घोषणा पिशवीत ठेवू. लागल्या तर काढता येतील."

बाजारच्या दिवशी बायका जमल्या. हातात मेथी, मिरच्या, वाळलेल्या शेंगांच्या पिशव्या. हॉटेलच्या दारासमोर सगळ्या थबकल्या. ठाण्याच्या पायऱ्या चढणाऱ्या बायका इथे उंबरा ओलांडेनात. मला आधी नवल वाटलं, मग लक्षात आलं की यांच्यातल्या बहुतेक जणी हॉटेलात कधी बसलेल्याच नाहीत. बाजाराला आल्या तर बसस्टँडच्या भिंतीकडे तोंड करून, पदराआड चार भजी खायची, एवढंच. आई आधी आत गेली. मग एकेक.

मालकीणबाईंनी, म्हणजे सुनेने, प्रत्येकीपुढे बशीने झाकलेला ग्लास ठेवला. कोणीही हात लावला नाही. सगळ्यांनी एका काकूंकडे पाहिलं.

या काकूंबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळात भाषण करणाऱ्या वेगळ्या, अर्ज नेणाऱ्या वेगळ्या, आणि वास घेण्याचं काम या काकूंकडे. संसारभर नवऱ्याचं तोंड हुंगून त्यांचं नाक असं तयार झालं होतं की देशी, हातभट्टी, इंग्लिश तर कळायचीच, वर वेलदोडा खाल्ला असेल तर तोही कळायचा. त्यांनी बशी उचलली, ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आचारी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

"ताक हाय," काकू म्हणाल्या.

"नीट हुंग माय, घाई नको."

"ताकच. जिरं भाजून घातलंय."

"दुसऱ्या ग्लासात बघा."

काकूंनी एकूण एक ग्लास हुंगला. शेवटी म्हणाल्या, "काही न्हाई. फक्त ह्या ग्लासाला लसणाचा वास येऊन राहिला."

"ते बशीचं हाय, काकू," आचारी घाईघाईने म्हणाला, आणि सगळ्या जणी हसल्या. हसल्यावर मग खाल्ल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते मी आजही आठवून पाहते. प्रत्येकीपुढे वेगळी बशी होती. पण एकीनेही पूर्ण बशी एकटीने खाल्ली नाही. निंदायला गेलेल्या बायका दुपारी झाडाखाली बसून भाकरी सोडतात, तेव्हा हिची चटणी तिच्याकडे, तिचं पिठलं हिच्याकडे फिरतं. बश्या तशाच फिरू लागल्या.

"हे घे. वांग्याला काकवी! खाल्लं का कधी?"

"माझ्या सासूनं पाहिलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं."

"तशी बी धाडणारच व्हती. निमित्त वांग्याचं झालं असतं."

"ह्या हरभऱ्यात कूट पायजे व्हतं."

"तुला चहात बी कूट लागतं."

"भाऊ, तुमच्या त्या देशात भाकरी काहून करत न्हाईत? ज्वारी येत न्हाई का तिथं?"

आचारी पंच्याला हात पुसत पुढे आला होता आणि बश्यांकडे पाहत होता. मला म्हणाला, "बुढा सारखा ओरडायचा, बशी फिरली पायजे, बशी फिरली पायजे. दुबईत एकेक बशी घेऊन लोक मोबाइल बघत बसायचे. मला वाटायचं, बुढ्याला येड लागलं."

शेतातलं बायकांचं ते वर्तुळ तरी कुठे पूर्ण असतं? एका वस्तीतल्या बायका दुसऱ्या बाभळीखाली बसतात, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्यांच्यातलीही एक जण त्या दिवशी आली होती आणि टेबलाच्या टोकाला, जरा सरकून बसली होती. पण टेबल लहान होतं. सरकून सरकून किती सरकणार? फिरती बशी तिच्यापाशी आली तशी तिने हात मागे घेतला. "धर की माय, हात दुखायला लागला," काकू म्हणाल्या. तिने धरली, एक काप उचलला आणि बशी पुढे दिली. पुढचीनेही घेतली. यावर मी वेगळं पत्रक लिहू शकले असते. लिहिलं नाही. पुढच्या बाजाराला ती येते का, ते मला आधी पाहायचं होतं.

खाणं झाल्यावर आईने तोंड पुसलं आणि ती तिच्या मोर्च्याच्या आवाजात बोलली. "भाऊ, दारू तुझी न्हाई. आमी चुकीचं समजलो. पण खिडकीतून जाती ती बशी तुझी हाय. तिच्यावर तिथं बाटल्या फुटतात. ती खिडकी बंद कर."

आचाऱ्याचा चेहरा उतरला. "खिडकी बंद म्हंजे संध्याकाळ बंद. संध्याकाळ बंद तर हाटेल बंद. मग मी पुन्हा विमानात."

आमच्या कुठल्याच पत्रकात याचं उत्तर नव्हतं. बंद करा, हटवा, उखडून टाका, हे आम्हाला येतं. उखडल्यावर त्या जागी काय, हे आम्ही पुढच्या पत्रकावर टाकतो.

बोलली ती सून. काउंटरमागून बाहेर येऊन ती बायकांच्या मधोमध उभी राहिली. "खिडकी मी बंद करते. आजपासून. पण मग तुमी यायचं. दर बाजाराला. मोर्चाला येता तशा, ऊन असो का वारा असो."

आजवर मागण्या आम्ही केल्या होत्या. मंडळापुढे कोणी मागणी ठेवायची ही पहिलीच वेळ. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"दर बाजाराला हाटेलात?" एक जण म्हणाली. "घरी काय सांगू?"

"मोर्चाला जाताना काय सांगता?"

"मोर्चाला चालले म्हणते."

"मग तसंच सांगा!"

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि त्यांना ताक द्यावं लागलं. या खेपेला त्यांनी हुंगलं नाही.

पत्रक निघालं, पण मोकळ्या प्लॉटवर. प्लॉटमालकाने आईला, पत्रकं वाटू नका, असा निरोप पाठवून पाहिला. मग तारेचं कंपाउंड घातलं आणि त्यावर स्वतःच्या वाढदिवसाचा फलक लावला. पिणारे लोक पिणं सोडून देत नाहीत, ते पुढच्या प्लॉटवर गेले. तो लढा वेगळा, अजून चालू आहे.

खिडकी बंद झाल्यावर हॉटेलचे पुढचे महिने वाईट गेले. संध्याकाळी टेबलं रिकामी. सून काउंटर पुसायची, आचारी एकच आम्लेट करायचा आणि तेही कधी घरचेच खायचे. मी नांदेडहून आले की आधी तिकडे डोकावायचे. टाळं तर नाही ना, एवढंच पाहायला. बाजारच्या दिवशी मात्र बायका यायच्या. सुरुवातीला मोजक्या, मग बहिणी-भावजयांना घेऊन. टोकाला बसणारी ती बाई एक बाजार आली नाही, तेव्हा मला वाटलं, संपलं. पुढच्या बाजाराला आली ती लेकराला घेऊन, आणि या वेळी टेबलाच्या मध्ये बसली, कारण टोकाची जागा आधीच भरली होती. बायका फडक्यात घरची भाकरी बांधून आणायच्या आणि बश्या तेवढ्या मागवायच्या. आचारी आधी वैतागला, हे तिकडं चालत नाही म्हणाला. म्हातारीने त्याला गप्प केलं. मग एक दिवस एका बाईचा नवरा, ही दर आठवड्याला कुठल्या मोर्चाला जाते ते बघायला आला आणि मटणाचे गोळे खाऊन गेला. नंतर तो भावालाही घेऊन आला.

गेल्या खेपेला मी बाजारच्याच दिवशी गेले. आत बसायला जागा नव्हती म्हणून काउंटरला टेकून उभी राहिले, स्पेनमधल्यासारखी. तेवढ्यात सुनेचा मोबाइल वाजला.

"व्हय, त्यांची मंडळी बोलते," ती म्हणाली. "... न्हाई, त्यांना आता फोनवर येता येत न्हाई. ... काहून म्हंजे? आज बाजार हाय." आणि तिने फोन ठेवून दिला.

"कोण व्हतं?" आतून आवाज आला.

"दुबई."

"काय म्हणतेत?"

"कवा निघता, इचारत व्हते."

आत आम्लेट उलटल्याचा आवाज झाला. "मग?"

"मग काय? त्या भिंतीकडच्या टेबलाला वांगं पायजे," ती म्हणाली, "अन् मायला म्हणावं, जरा कमी वाढ."